खर्चाची वही समोर ठेवून क्रेडिट कार्ड कसे निवडावे

क्रेडिट कार्ड घेताना बहुतेक जण कार्डापासून सुरुवात करतात. मॉलमधल्या टेबलामागचा विक्रेता काय सांगतो, कार्यालयातल्या सहकाऱ्याला कोणत्या खरेदीवर किती सूट मिळाली, कोणत्या कार्डावर विमानतळाच्या लाउंजमध्ये फुकट प्रवेश आहे, अशा गोष्टी आधी कानावर पडतात आणि त्यांवरूनच अर्ज भरला जातो. निवड मात्र उलट्या दिशेने व्हायला हवी. आपला पैसा दर महिन्याला नेमका कुठे जातो हे आधी कागदावर मांडावे, त्यातला कोणता खर्च कार्डावर येऊ शकतो हे ठरवावे आणि मग त्या खर्चावर वर्षाअखेरीस सर्व शुल्क वजा जाता सर्वांत जास्त रुपये कोणते कार्ड हातात ठेवते, ते पाहावे. पुढे हीच पद्धत क्रमाने दिली आहे.

बिल पूर्ण भरले जाईल का?

सवलतींचा विचार करण्यापूर्वी या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यावे लागते, कारण उत्तर ‘नाही’ किंवा ‘बहुधा नाही’ असेल तर पुढचा सगळा हिशेब निरर्थक ठरतो. भारतातल्या प्रचलित कार्डांवर थकबाकीचे व्याज साधारणपणे महिन्याला ३.५ ते ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के असते आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती, परंतु सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा त्या ३० टक्क्यांच्या मर्यादेचा आधार आता ग्राहकाला उरलेला नाही.

व्याज कसे चढते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, १० जूनला ४०,००० रुपयांची खरेदी झाली, ५ जुलैला बिल निघाले आणि भरण्याची शेवटची तारीख २५ जुलै आहे. त्या दिवशी आपण फक्त किमान देय रक्कम, म्हणजे ५ टक्क्यांप्रमाणे २,००० रुपये भरले. अनेकांची समजूत अशी असते की उरलेल्या ३८,००० रुपयांवर २५ जुलैपासून व्याज लागेल. प्रत्यक्षात पूर्ण रक्कम न भरल्यामुळे व्याजमुक्त कालावधीच, म्हणजे खरेदीपासून देय तारखेपर्यंतचे बिनव्याजी दिवसच, रद्द होतात आणि संपूर्ण ४०,००० रुपयांवर खरेदीच्या दिवसापासून व्याज मोजले जाते. वार्षिक ४२ टक्क्यांनी पहिल्या ४५ दिवसांचे सुमारे २,०७१ रुपये आणि पुढे ५ ऑगस्टपर्यंत ३८,००० रुपयांवर सुमारे ५२५ रुपये, असे मिळून जवळपास २,५९६ रुपये व्याज होते. त्यावर जीएसटी ४६७ रुपये. म्हणजे २,००० रुपये भरूनही पुढच्या बिलात येणे ४१,००० रुपयांच्या वर जाते. शिवाय जुनी बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीवरही व्याजमुक्त दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या भाजीवरही आजपासूनच व्याज सुरू होते.

एक ते पाच टक्क्यांच्या कॅशबॅकने, म्हणजे खर्चातून परत मिळणाऱ्या पैशाने, हे नुकसान भरून निघत नाही. ज्यांचे उत्पन्न अनियमित आहे किंवा ज्यांना मोठी खरेदी सहा-आठ महिन्यांत फेडायची आहे, त्यांनी कार्डाऐवजी ठरावीक हप्त्याचे वैयक्तिक कर्ज किंवा सोनेतारण कर्ज यांचे दर आधी विचारावेत. ते बहुतेक वेळा कार्डाच्या व्याजाच्या निम्म्याहून कमी निघतात. पुढचे मार्गदर्शन दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्यांसाठी आहे.

तीन महिन्यांचा खर्च मांडा

बँकेचे खातेउतारे आणि यूपीआय ॲपमधील व्यवहारांची यादी घेऊन गेल्या तीन महिन्यांचा खर्च गटांत विभागावा. एकाच महिन्याचा खर्च घेतला तर दिवाळी, शाळेची फी किंवा लग्नाचा आहेर यांमुळे चित्र वाकडे होते.

नाशिकमधील एक चौघांचे कुटुंब उदाहरणादाखल धरू. त्यांचा महिन्याचा खर्च ४५,००० रुपये आहे: घरभाडे १४,०००, मुलांची फी ६,०००, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात क्यूआर कोडवर ५,०००, सुपरमार्केटमध्ये ४,०००, ऑनलाइन खरेदी ६,००० (त्यातली ४,००० रुपयांची एकाच संकेतस्थळावर), वीज, गॅस, मोबाइल यांची बिले ३,५००, पेट्रोल ४,००० आणि हॉटेलात २,५०० रुपये.

आता या यादीवर दुसरी नजर फिरवावी. कार्डाने घरभाडे भरण्याची सोय देणारी ॲप बहुधा एक टक्का किंवा अधिक शुल्क घेतात, अनेक बँका स्वतःचेही शुल्क लावतात आणि भाड्यावर पॉइंट (खर्चाच्या बदल्यात मिळणारे, पुढे पैसे किंवा वस्तू देणारे गुण) देत नाहीत. वॉलेटमध्ये पैसे भरणे, सरकारी कर आणि हप्त्यांवरची खरेदी यांनाही बहुतेक कार्डांवर पॉइंट नसतात. वीजबिल आणि विम्याचा हप्ता यांच्यावर कमी पॉइंट किंवा महिन्याची कमाल मर्यादा असते. पेट्रोलवर सहसा पॉइंट मिळत नाहीत, फक्त कार्डाने पेट्रोल घेतल्यावर लागणारा अधिभार माफ होतो. या कुटुंबाची शाळा फी धनादेशाने घेते, असे मानू. मग ४५,००० पैकी सर्वसाधारण कार्डावर खरा परतावा देणारा खर्च उरतो सुपरमार्केट, ऑनलाइन खरेदी आणि हॉटेल, म्हणजे १२,५०० रुपये. कार्डाच्या जाहिरातीतले ‘वर्षाला इतक्या हजारांची बचत’ हे आकडे एकूण खर्च कार्डावर येतो असे गृहीत धरून काढलेले असतात. आपल्या घरचा आकडा त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढाच असण्याची शक्यता मोठी असते.

पॉइंटांचे रुपये करा

‘प्रत्येक १५० रुपयांना ४ पॉइंट’ या वाक्यातून काहीच कळत नाही, जोवर एका पॉइंटची किंमत कळत नाही. पॉइंट २० पैशांचा असेल तर १५० रुपयांवर ८० पैसे, म्हणजे सुमारे ०.५३ टक्के परतावा झाला. हाच पॉइंट एक रुपयाचा असेल तर परतावा २.६७ टक्के होतो. त्यामुळे दोन कार्डांची तुलना करताना प्रत्येकाचा परतावा शंभर रुपयांमागे किती रुपये, या एकाच मापात आणावा.

पॉइंटची किंमत ते कशासाठी वापरले यावरही बदलते. त्याच कार्डाचे पॉइंट विमान तिकिटासाठी वापरले तर चांगला भाव मिळतो, वस्तूंच्या यादीतून मिक्सर घेतला तर कमी, आणि बिलात वळते केले तर बहुधा सर्वांत कमी. काही बँका प्रत्येक वेळी पॉइंट वापरण्याचे शुल्क घेतात आणि अनेक पॉइंटांची मुदत दोन-तीन वर्षांत संपते. वर्षातून दोनदाही विमानाने न जाणाऱ्याने हवाई मैल जमवणाऱ्या कार्डाच्या मागे लागू नये. माझ्या मते पहिले कार्ड घेणाऱ्यासाठी बिलात थेट वळता होणारा कॅशबॅक हाच सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण त्यात किंमत शोधत बसावे लागत नाही आणि विसरून काही वाया जात नाही. फक्त कॅशबॅकची मासिक कमाल मर्यादा तेवढी पाहून घ्यावी.

एकाच ब्रँडशी जोडलेली कार्डे, उदाहरणार्थ ॲमेझॉन पे-आयसीआयसीआय, फ्लिपकार्ट-ॲक्सिस, टाटा न्यू-एचडीएफसी किंवा आयआरसीटीसी-एसबीआय, ही त्या त्या ठिकाणी आधीपासूनच खरेदी करणाऱ्यांना उपयोगी पडतात. कार्ड आहे म्हणून तिथे खरेदी सुरू झाली, तर फायदा ब्रँडचा होतो. या कार्डांचे दर आणि अटी बँका वारंवार बदलतात, म्हणून जुन्या व्हिडिओतल्या आकड्यांवर विसंबून न राहता अर्ज करण्याच्या दिवशी बँकेच्या संकेतस्थळावरील अटी वाचाव्यात.

शुल्क वजा करून उरते काय

वार्षिक शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. १,००० रुपयांचे शुल्क प्रत्यक्षात १,१८० रुपये असते. ‘एवढा खर्च केल्यास शुल्क माफ’ ही अट असेल तर त्या खर्चात घरभाडे, पेट्रोल, वॉलेट हे धरले जातात की वगळले जातात, तेही तपासावे.

आता नाशिकच्या कुटुंबासमोर दोन कार्डे ठेवू. पहिले कार्ड विनाशुल्क आहे. एका संकेतस्थळावर ५ टक्के आणि इतरत्र १ टक्का देते, बिले आणि पेट्रोलवर काहीच देत नाही. चार हजारांवर २०० आणि उरलेल्या ८,५०० रुपयांवर ८५, असे महिन्याला २८५, म्हणजे वर्षाला ३,४२० रुपये झाले. दुसऱ्या कार्डाचे शुल्क २,५०० रुपये आहे, सर्वत्र २ टक्के परतावा आहे, बिले व पेट्रोल वगळलेले आहेत आणि वर्षाला तीन लाखांचा खर्च झाल्यास शुल्क माफ आहे. यात महिन्याला २५०, वर्षाला ३,००० रुपये मिळतात. जीएसटीसह शुल्क २,९५० रुपये जाते आणि हातात ५० रुपये राहतात. बिले व पेट्रोल धरूनही कार्डावरचा वार्षिक खर्च २ लाख ४० हजारांपुढे जात नाही, म्हणजे माफी मिळत नाही. ती मिळवण्यासाठी साठ हजारांची जास्तीची खरेदी करणे म्हणजे २,९५० रुपये वाचवण्यासाठी साठ हजार घालवणे होय. तरीही वर्ष संपत आले की असे करणारे पुष्कळ जण दिसतात. दुसरे कार्ड वाईट नाही. महिन्याला चाळीस हजारांचा पात्र खर्च असणाऱ्या घरात त्याचे शुल्क माफ होऊन ते पहिल्याला सहज मागे टाकेल.

रूपे, व्हिसा की मास्टरकार्ड

सप्टेंबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मोठ्या कार्ड कंपन्यांनी कार्ड देताना ग्राहकाला एकापेक्षा अधिक नेटवर्कांमधून, म्हणजे रूपे, व्हिसा, मास्टरकार्ड अशा कार्डाचे व्यवहार चालवणाऱ्या यंत्रणांमधून, निवड करू द्यायची आहे. आपल्याकडे ही निवड केवळ नावापुरती राहत नाही, कारण यूपीआयला जोडता येते ते रूपे क्रेडिट कार्डच. ही सोय २०२२ मध्ये सुरू झाली. कोपऱ्यावरचा किराणा, चहाची टपरी, औषधाचे दुकान अशा ठिकाणी कार्डाचे यंत्र नसते, पण क्यूआर कोड असतो आणि तिथेही क्रेडिट कार्डाने पैसे देता येतात. मात्र हे पैसे दुकानदाराच्या व्यापारी क्यूआरवरच जातात. मित्राला, घरमालकाला किंवा भाजीवालीच्या वैयक्तिक क्रमांकावर ते पाठवता येत नाहीत. यूपीआयवरील परताव्याचा दरही पुष्कळदा वेगळा आणि कमी असतो, तो स्वतंत्रपणे पाहावा. वरच्या कुटुंबाने किराण्याचे पाच हजार एक टक्का देणाऱ्या विनाशुल्क रूपे कार्डाने दिले तर वर्षाला आणखी ६०० रुपये येतील. रक्कम लहान आहे, पण खर्च तोच आहे आणि शुल्क काही नाही.

परदेशात जाणारे किंवा परदेशी संकेतस्थळांवर खरेदी करणारे यांना व्हिसा किंवा मास्टरकार्ड अधिक सोयीचे ठरते, कारण ती अधिक ठिकाणी स्वीकारली जातात. तिथे पाहायचा मुख्य आकडा म्हणजे परकी चलनाच्या व्यवहारावरील शुल्क. बऱ्याच कार्डांवर ते ३.५ टक्के असते आणि जीएसटी धरून ४.१३ टक्के होते; एक लाखाच्या खर्चावर ४,१३० रुपये. २ टक्के किंवा शून्य शुल्काची कार्डेही मिळतात. मुलगी जर्मनीत शिकत असेल आणि विद्यापीठाचे अर्ज, परीक्षांचे शुल्क, विमानाची तिकिटे अशा गोष्टी कार्डावर येत असतील, तर हा एकच आकडा बाकी सगळ्या सवलतींपेक्षा महत्त्वाचा ठरतो. परदेशातल्या दुकानात यंत्राने ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असे विचारल्यास स्थानिक चलन निवडावे, कारण रुपयांचा पर्याय घेतल्यास दुकानदाराच्या बँकेचा महाग दर लागतो आणि आपली बँक वर आणखी शुल्क लावू शकते.

लाउंज, पेट्रोल आणि हप्ते

लाउंज प्रवेश आता बहुतेक कार्डांवर आधीच्या तिमाहीतील खर्चाच्या अटीला जोडलेला आहे. वर्षातून एकदा विमानात बसणाऱ्याने त्यासाठी शुल्काचे कार्ड घेऊ नये. विमानतळावरचा वडापाव कितीही महाग असला तरी तो स्वस्त पडेल. पेट्रोलवरची एक टक्का अधिभाराची माफी जवळजवळ सर्वच कार्डांवर असते, त्यामुळे ती निवडीचा निकष होऊ शकत नाही. महिन्याला दहा-बारा हजारांचे इंधन लागत असेल तरच तेल कंपन्यांशी जोडलेल्या कार्डांचा विचार करावा. बिनव्याजी म्हटल्या जाणाऱ्या हप्त्यांमध्ये प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी आपल्यालाच द्यावा लागतो आणि रोखीची सूट हुकते, म्हणून दोन्ही किमती शेजारी लिहून पाहाव्यात. एटीएममधून कार्डाने रोख रक्कम काढण्याचा प्रश्नच येऊ नये: त्यावर शुल्क लागते आणि पहिल्या दिवसापासून व्याजही.

कार्ड मिळेल का

सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही पतमापन कंपन्यांकडून दरवर्षी एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. अर्ज करण्यापूर्वी तो काढून वाचावा. त्यातला स्कोअर, म्हणजे आपली पत दाखवणारा आकडा, ३०० ते ९०० या पट्ट्यात असतो आणि ७५० च्या वर असल्यास अर्ज सहसा अडत नाही. अहवालात फेडलेले जुने कर्ज चालू दिसत असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्यावे. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदवली जाते. एका महिन्यात चार बँकांकडे अर्ज केल्यास ती माणसाच्या अडचणीची खूण मानली जाते. आपले पगाराचे खाते जिथे आहे त्या बँकेत पहिल्यांदा विचारणे बहुधा सोपे जाते.

ज्यांचा कर्जाचा काहीच इतिहास नाही, अशा नुकत्याच नोकरीला लागलेल्यांनी, गृहिणींनी किंवा लहान व्यावसायिकांनी मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड घ्यावे. पंधरा-वीस हजारांच्या ठेवीवरही काही बँका ते देतात, ठेवीवर व्याज चालू राहते आणि वेळेवर भरलेल्या बिलांची नोंद होऊन पत तयार होते. ‘स्कोअर नाही’ म्हणून नकार मिळाल्यावर दलालाला पैसे देणाऱ्यांना हा सरळ रस्ता कोणी सांगत नाही, याचे आश्चर्य वाटते.

अर्ज करताना काय वाचावे

कार्डासोबत बँकेने मुख्य अटींचे पत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात पाच गोष्टी शोधाव्यात: व्याजाचा दर, पहिल्या आणि पुढच्या वर्षांचे शुल्क, उशिरा बिल भरल्याचा आकार, परकी चलन शुल्क आणि परताव्यातून वगळलेल्या व्यवहारांची यादी. विक्रेत्याने ‘आजीवन मोफत’ म्हटले असेल तर ते शब्द लेखी असायला हवेत. पत्रकात ‘पहिले वर्ष मोफत’ असेल तर पत्रकच खरे मानावे लागते. न मागता कार्ड देणे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी निषिद्ध केले आहे. असे कार्ड संमतीशिवाय सुरू करून त्यावर आकारणी केली, तर बँकेला ती रक्कम परत करून वर तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो.

कार्ड हाती आल्यावर

बिलाची तारीख पगाराशी जुळवून घ्यावी. पगार १ तारखेला होत असेल तर देय तारीख ३ ते ८ च्या दरम्यान येईल असे चक्र सोयीचे असते आणि ते किमान एकदा बदलून मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. बिल ५ तारखेला निघत असेल आणि देय तारीख २५ असेल, तर ६ जूनच्या खरेदीला ४९ दिवस मिळतात, पण ५ जुलैच्या खरेदीला केवळ २०. मोठी खरेदी बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी करावी. खात्यातून आपोआप बिल भरण्याची सूचना देताना ‘संपूर्ण देय रक्कम’ हा पर्याय निवडावा, कारण काही अर्जांवर ‘किमान रक्कम’ हा पर्यायही शेजारीच छापलेला असतो. कार्डाच्या खर्चमर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत वापर ठेवणे स्कोअरसाठी चांगले मानले जाते.

नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात. गरज नसेल तर ते तसेच ठेवावेत. स्पर्शाविना होणारे पाच हजारांपर्यंतचे व्यवहार पिनशिवाय होतात, म्हणून त्याची मर्यादा ॲपमधून कमी करावी किंवा ती सोय बंद करावी. आपली चूक नसताना अनधिकृत व्यवहार झाला आणि तो तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवला, तर ग्राहकावर त्याची जबाबदारी येत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास पाच लाखांपर्यंतच्या मर्यादेच्या कार्डावर ही जबाबदारी कमाल १०,००० रुपये असते. ओटीपी स्वतःहून सांगितला असेल तर मात्र कळवण्यापूर्वीचे नुकसान आपल्याच माथी येते. कळवताना तक्रार क्रमांक घ्यावा आणि फसवणूक असल्यास १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावरही नोंद करावी.

दर वर्षी शुल्क लागण्याच्या महिनाभर आधी मागच्या बारा महिन्यांत कार्डाने किती रुपये दिले आणि किती घेतले ते मोजावे. उत्तर उणे असेल तर बँकेला शुल्कमाफी किंवा विनाशुल्क कार्डात बदल मागावा. पुष्कळदा तो मिळतो. नाही मिळाला तर पॉइंट वापरून, बाकी फेडून, कार्डाला जोडलेले आपोआप जाणारे हप्ते हटवून लेखी बंदची विनंती करावी. बाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचे असते, अन्यथा विलंबाच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. बँकेकडे केलेल्या तक्रारीला तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर विनामूल्य तक्रार करता येते आणि १४४४८ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. बंदचे पत्र जपून ठेवावे आणि दोन महिन्यांनी पतअहवालात ते खाते ‘बंद’ दिसते की नाही ते तपासावे.